सूनबाईंचा कायदा, फौजदारांचा कायदा

भिवंडीत लूमच्या कारखान्यात शिरल्यावर मधोमध अर्ध्या विटेची भिंत दिसली, तर ती बांधकामाच्या सोयीसाठी घातली आहे असे समजू नये. तिचे मूळ 1948 च्या कारखाने अधिनियमात आहे. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा किंवा अधिक माणसे राबत असली की ती जागा 'कारखाना', अशी त्यातली मूळ व्याख्या. कारखाना म्हटला की कामाचे तास आले, भरपगारी रजा आली, हजेरीपट आला, निरीक्षक आला. म्हणून भिंत. अलीकडचे लूम मालकाच्या नावावर, पलीकडचे बायकोच्या, त्यामागचे भावाच्या. मीटर तीन, कागद तीन. मुकादम मात्र एकच. बीम चढवणारी माणसे तीच, आणि कांडीवाला दिवसभर या कारखान्यातून त्या कारखान्यात जात असतो, कारण भिंतीला दार ठेवलेले असते आणि त्या दाराला कडी नसते.

अशाच एका भिंतीवरून आमच्या कामतघरच्या घरात वाद जुंपला. माझी बायको भिवंडीच्या न्यायालयात वकिली करते. वडील पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. 1988 नंतरची काही वर्षे त्यांनी भिवंडीतच बंदोबस्तात काढली. मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो, त्यामुळे दोघांच्या मध्ये बसून ऐकायचे काम माझ्याकडे. जे ऐकले ते इथे मांडतो आहे. जिथे राहवले नाही तिथे मध्ये तोंड घातले आहे.

फौजदार : तू त्या अशिलाला सांगितलंस, भिंत कायदेशीर आहे म्हणून?

वकील : तसं नाही बाबा. त्यानं विचारलं, उद्या खटला झाला तर काय होईल. मी म्हटलं, कागद चोख असतील तर तिन्ही जागा मिळून एकच कारखाना आहे हे सिद्ध करणं सरकारला जड जाईल.

फौजदार : म्हणजे पळवाट दाखवलीस.

वकील : वाट होती, ती सांगितली. ऑलिव्हर वेन्डेल होम्स नावाच्या अमेरिकन न्यायमूर्तीनं 1897 साली हेच मांडलं. कायदा म्हणजे नेमकं काय हे कळायला हवं असेल, तर वाईट माणसाच्या नजरेनं बघा. त्याला नीतीशी देणंघेणं नसतं. न्यायालय माझं काय करेल, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. न्यायालय काय करेल याचं भाकीत, तोच कायदा.

फौजदार : ठीक. मग न्यायाधीशानं काय करायचं? तो निकाल लिहायला बसला की स्वतःचंच भाकीत करणार? 'मी उद्या काय करीन बरं?' म्हणून?

होम्सच्या व्याख्येवर कायद्याच्या अभ्यासकांनी जो आक्षेप घेतला, तो वडिलांना चहाच्या कपात सापडला, याचे मला कौतुक वाटले. बायकोला तितकेसे वाटले नाही.

वकील : म्हणून होम्स पुरत नाही, मान्य. त्याच्या आधीचा जॉन ऑस्टिन घ्या. 1832 चं पुस्तक. कायदा म्हणजे सार्वभौमाचा हुकूम, न मानल्यास शिक्षेची धमकी, आणि तो सार्वभौम कोण, तर ज्याचं ऐकायची बहुतेकांना सवय लागलेली आहे पण ज्याला स्वतःला कुणाचं ऐकायची सवय नाही, तो. तुम्हाला हे पटायला हवं. ऑस्टिन वकिलीत येण्याआधी पाच वर्षं लष्करात होता.

फौजदार : लष्करात होता, पोलिसात नव्हता. पोलिसात असता तर असं लिहिलं नसतं. अगं, हप्ता मागणारा दादा काय करतो? हुकूम सोडतो. नाही ऐकलं तर हातपाय मोडीन म्हणतो. गल्लीला त्याचं ऐकायची सवय असते. आणि त्याला कुणाचं ऐकायची सवय नसते, आमचंसुद्धा. मग दादाचं बोलणं म्हणजे कायदा का?

वकील : हार्ट नावाचा विधिशास्त्रज्ञ हेच म्हणतो. 1961 साली त्यानं ऑस्टिनला या दादाच्याच उदाहरणानं धुतला. बंदूकवाल्यापुढं तुम्ही खिसा रिकामा करता तेव्हा तुम्हाला तसं करणं भाग पडतं, तुमचं ते कर्तव्य नसतं. आता दुसरं बघा. आपल्याकडे शुक्रवारी लूम बंद. ही सवय की नियम?

फौजदार : आता सवयच झालीय.

वकील : नाही. शुक्रवारी कामगार सिनेमाला जातात, ती सवय. एखादा नाही गेला तर कुणी त्याला जाब विचारत नाही. पण एखाद्यानं शुक्रवारी लूम चालू ठेवले तर शेजारचा मालक म्हणतो, 'हे बरोबर नाही.' तो 'बरोबर नाही' म्हणाला की समजायचं, नियम आहे. आणि नुसते नियम असून भागत नाही. कुठला नियम खरा, तो बदलायचा कसा, भांडण झालं तर ठरवायचं कुणी, या नियमांविषयीच्या नियमांची जोड मिळाली की त्याला हार्ट कायद्याची व्यवस्था म्हणतो. सगळ्यांच्या तळाशी एक ओळखीचा नियम. आपल्यापुरतं बोलायचं तर संविधान. त्यात बसलं तर कायदा, नाही तर नाही. चांगला की वाईट, हा पुढचा प्रश्न.

फौजदार : आणि लोकांनी मनापासून मानायचं की नाही?

वकील : हार्टच्या मते लोकांनी नुसतं पाळलं तरी चालतं. मेंढरांसारखं का होईना. पण न्यायाधीश, अधिकारी, पोलीस यांनी मात्र तो आपला मापदंड म्हणून आतून मानायला हवा. तेवढं नसेल तर व्यवस्थाच उभी राहत नाही.

वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच्याच खात्याविरुद्ध साक्ष द्यायला सुरुवात केली.

फौजदार : मग 1970 साली भिवंडीत कायदा नव्हता म्हण. 7 मे, शिवजयंतीची मिरवणूक, आणि तिथून दंगल. तेव्हा मी शाळेत. पण खात्यात आल्यावर जुने लोक सांगायचे, आणि नंतर न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाचा अहवाल थोडाफार वाचला. भिवंडी, जळगाव, महाड तिन्ही ठिकाणची चौकशी. पोलिसांच्या विशेष तपास पथकानं तपासात पक्षपात केला, हे न्यायमूर्तींनी लिहून ठेवलंय. कलमं तीच, पुस्तक तेच. पण लावणाऱ्यानं आतून मानलं नाही. आता सांग, त्या अहवालाचं काय झालं? तो कायदा की रद्दी?

वकील : कायदा नाही. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल शिफारस असतो. सर्वोच्च न्यायालयानं 1958 सालीच रामकृष्ण दालमिया यांच्या खटल्यात सांगून टाकलं, आयोग निवाडा करत नाही, त्याच्या निष्कर्षाची अंमलबजावणी आपोआप होत नाही.

फौजदार : एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीनं गावोगाव साक्षी घेऊन लिहिलेलं सत्य कायदा नाही. आणि बायकोच्या नावावर लावलेला मीटर कायदा!

वकील : हो. तुम्हाला राग येतो म्हणून मी व्याख्या बदलू का?

इथे मला वडिलांची बाजू घ्यावीशी वाटली होती. पण बायकोच्या उत्तरातला कोरडेपणा नीट ऐकला, की तो उद्धटपणा नाही हे कळते. जे आहे आणि जे असायला हवे त्यांची सरमिसळ केली, तर जे आहे त्याच्यावर बोट ठेवायलाच जागा उरत नाही, असा हा जुना पवित्रा आहे. बेंथम नावाच्या विचारवंतापासून चालत आलेला.

फौजदार : मी माझा कायदा सांगतो. 1984 ला भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर सुरेश खोपडे साहेब इथं उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. गल्लीगल्लीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि त्यांच्याबरोबर एक पोलीस. पुढारी नकोत, गुंड तर नकोतच. आधी आमची शांतता समिती असायची. तिच्यात बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी तेच ते प्रतिष्ठित येऊन चहा पिऊन जायचे. ही तशी नव्हती. पाण्याच्या नळावरचं भांडण, गटाराचं पाणी कुणाच्या दारात येतं, भाडेकरू पोरगा कुणाच्या मुलीकडे बघतो, असल्या गोष्टींवर तिथं तास तास बोलणं चालायचं. मला सुरुवातीला वाटायचं, हे काय पोलिसांचं काम? नंतर कळलं, दंगलीत 'त्या लोकांनी' म्हणून अफवा उठते तेव्हा 'ते लोक' म्हणजे नळावर भेटलेला अमुक, हे ठाऊक असलं की अफवा पुढं सरकत नाही. डिसेंबर 1992 ला मुंबई जळत होती, जानेवारीत पुन्हा जळली. भिवंडी शांत राहिली. भिवंडी! ज्या गावाचं नाव काढलं की मंत्रालयात घाम फुटायचा, ते गाव. साहेबांनी त्यावर पुस्तकच लिहिलं, मुंबई जळाली, भिवंडी का नाही म्हणून. आता तुझ्या हार्टला विचार. त्या समितीला कलम नव्हतं, अधिसूचना नव्हती, शिक्का नव्हता. पण ती पाळली गेली. शिक्का असलेला कायदा मुंबईत होता. कुठला खरा?

हा प्रश्न सोपा नाही. युगेन एर्लिश नावाच्या ऑस्ट्रियन विद्वानाने 1913 साली असेच काहीसे म्हटले होते : कायद्याचे खरे केंद्र विधिमंडळात नाही, न्यायालयात नाही; माणसे एकमेकांशी ज्या रीतीने प्रत्यक्ष वागतात त्या रीतीत आहे. तो ज्या चेर्नोवित्झमध्ये शिकवत होता तिथे अनेक जमाती एकाच सरकारी संहितेखाली, पण आपापल्या रीतीने नांदत होत्या. निझामपुरा, पद्मानगर आणि ब्राह्मण आळी एका महापालिकेत असलेल्या गावात एर्लिश परका वाटत नाही.

वकील : बाबा, समित्यांनी काम केलं, मी नाकारत नाही. पण त्यांना कायदा म्हणू नका. तुम्ही कायदा हा शब्द पदक द्यावं तसा वापरताय.

फौजदार : मग तू कसा वापरतेस?

वकील : समन्स काढावं तसा. ज्याला कायदा म्हटलं, त्याला जाब द्यायला उभं राहावं लागतं. संविधानाचं तेरावं कलम बघा. मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारा कायदा रद्द. आणि कायदा कशाकशाला म्हणायचं, तर अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, अधिसूचना, आणि कायद्याचं बळ असलेली रूढी-वहिवाटसुद्धा. ही यादी काही रूढीच्या गौरवासाठी केलेली नाही. रूढीलाही कोर्टात खेचता यावं म्हणून केलीय. आता आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा 1951 चा नरसू आप्पा माळी खटला घ्या. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. वैयक्तिक कायदे तेराव्या कलमातल्या 'कायदा' या व्याख्येत बसत नाहीत, असं ठरलं. परिणाम काय? बसत नाहीत म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीतून सुटले. व्याख्येच्या बाहेर राहिलं ते वाचलं. पुढं सत्तर वर्षं बायका याच एका ओळीवर डोकं आपटतायत.

फौजदार : त्याचा माझ्या समितीशी काय संबंध?

वकील : समितीत किती बायका होत्या?

फौजदार : होत्या. थोड्या.

वकील : सभासद कुणी निवडले?

फौजदार : आम्ही. बीट अंमलदारानं नावं सुचवायची, साहेबांनी बघायची.

वकील : आणि ज्याचं नाव घेतलं नाही, किंवा ज्याच्याविरुद्ध समितीनं नळाचं भांडण मिटवलं, त्यानं जायचं कुठं? भाडेकरू पोराला 'खोली सोड' म्हटलं, तर त्या पोराचं कुणी ऐकलं? तो बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेला असणार, भिशीच्या खानावळीत जेवणारा, कापडाच्या मीटरवर पगार घेणारा. त्याचा गल्लीत मामा नाही, काका नाही.

वडिलांनी याला लगेच उत्तर दिले नाही, आणि मला वाटते वादाची खरी गाठ इथे होती. समिती चालली, कारण तिच्यावर अपील नव्हते. अपील असते तर नळाचे भांडण तिसऱ्या तारखेला वकिलाकडे गेले असते. पण अपील नव्हते म्हणूनच, ज्याच्या पाठीशी गल्ली उभी नव्हती त्याला ती कुठल्याही ठाण्याइतकीच परकी होती.

फौजदार : मग रामशास्त्र्यांना काय म्हणशील? 1773. नारायणराव पेशव्यांचा खून, आणि गादीवर बसलेल्या राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश. त्याला कुठल्या सार्वभौमानं हुकूम दिला होता?

वकील : ऑस्टिनचं तिथं काही चालत नाही, खरंय. रामशास्त्री ज्या धर्मशास्त्राच्या आधारे बोलले, ते पेशव्याच्याही वरचं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुढं काय झालं? राघोबांना प्रायश्चित्त मिळालं नाही, रामशास्त्र्यांनाच पुणं सोडावं लागलं. आणि बाबा, तेच धर्मशास्त्र खालच्या जातीच्या माणसाला काय सांगत होतं?

फौजदार : तिथं मी काही बोलू शकत नाही.

वकील : बाबासाहेबांनी बोलून ठेवलंय. ते स्वतः मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात विधिशास्त्राचे प्राध्यापक होते, 1935 साली प्राचार्य झाले. पुढच्याच वर्षी जातीच्या उच्छेदावरचं ते न झालेलं भाषण छापलं, त्यात त्यांचा मुद्दा असा : हिंदू ज्याला धर्म म्हणतात ती खरं तर तत्त्वं नाहीत, नियमांची यादी आहे, म्हणजे तो कायदा आहे. आणि लोकांना एकदा हे कळलं की तो बदलायला ते तयार होतील, कारण धर्म बदलतो असं कुणाला वाटत नाही, पण कायदा बदलता येतो हे सगळ्यांना माहीत असतं.

मला हा सगळ्या व्याख्यांमधला सर्वांत धारदार उपयोग वाटतो. ऑस्टिन, हार्ट यांनी कायदा ओळखायचा कसा हे सांगितले. नियम आणि तत्त्वे यांतला हाच भेद बाबासाहेबांच्या त्या भाषणानंतर तीसेक वर्षांनी ड्वॉर्किन नावाच्या अभ्यासकाने हार्टवर उलटवला. नियमांपलीकडची तत्त्वेही कायद्यातच असतात, असे त्याचे म्हणणे. बाबासाहेबांची चाल मात्र उलट दिशेची. तत्त्व असल्याचा आव आणणारी वस्तू त्यांनी नियम म्हणून उघडी पाडली, आणि त्यासाठी तिला कायद्याचे नाव दिले. कुणाला मान देण्यासाठी नव्हे, तिच्या अंगावरचे सोवळे उतरवण्यासाठी.

वडील मात्र हरायला तयार नव्हते.

फौजदार : ठीक. नाव दिल्यानं जाब विचारता येतो म्हणतेस. मग जिलानी इमारतीचा जाब कुणाला विचारलास? 21 सप्टेंबर 2020, पहाटे, पटेल कंपाउंड. तीन मजले झोपेतल्या माणसांवर. चाळीसेक गेली. महापालिका म्हणाली, नोटिसा दिल्या होत्या. नोटीस म्हणजे तुझा शिक्क्याचा कायदा. कायदा पोचला होता आणि इमारतही उभी होती. माणसं झोपली होती.

वकील : उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या इमारतीच्याच नावानं प्रकरण चाललं, 2022 ला निकाल आला.

फौजदार : पडल्यावर.

वकील : पडल्यावर. हो. (थोडे थांबून) तुम्ही जे म्हणताय ते फुलर नावाच्या प्राध्यापकानं 1964 ला म्हटलंय. हार्टशी त्याचं भांडण त्याआधीपासूनचं. त्यानं एक राजा कल्पिला, जो कायदे करायला बसतो आणि आठ तऱ्हांनी फसतो. कधी नियमच करत नाही, कधी गुपित ठेवतो, कधी मागच्या तारखेनं लावतो, कधी रोज बदलतो. आठवी तऱ्हा अशी, की लिहिलंय एक आणि अधिकारी वागतात दुसरं. फुलरच्या मते असं झालं की नुसता वाईट कायदा होत नाही. कायदा व्हायचाच राहून जातो.

फौजदार : मग तो माझ्या बाजूचा.

वकील : अर्धा. लिहिलंय तसं वागा, हे तो सांगतो. लिहू नका असं नाही सांगत.

भिवंडीत या आठव्या तऱ्हेला तोटा नाही. राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात शेतजमिनीवर गोदामे उभी राहिली, ती कुणी रात्रीतून लपवून बांधली नव्हती. ट्रकांच्या रांगा मुंबई-नाशिक रस्त्यावरून दिसत होत्या. तिथे कायदा मोडला गेला असे म्हणणे फार सोपे आहे. इतकी वर्षे, इतक्या उघड, इतक्यांच्या देखत जे चालते, त्याला हार्टच्या हिशेबाने अजून 'सवय' म्हणायचे की तिथला 'नियम', हे ठरवणे अवघड. परवानगी मागणाऱ्यालाच जिथे शेजारी वेड्यात काढतात, तिथे 'हे बरोबर नाही' असे म्हणणारा उरलेलाच नसतो. कायद्याच्या कुठल्याही व्याख्येला ही जागा अडचणीची आहे. तिच्यावर माझ्याकडेही उत्तर नाही आणि माझ्या बायकोकडे फक्त एक रिट आहे.

फौजदार : अर्धा तर अर्धा. पण समिती अपयशी ठरली असं म्हणू नकोस.

वकील : मी म्हणत नाही. 2006 सांगतंय. जुलैमध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून काय झालं? गोळीबारात दोघं गेले, आणि जमावानं दोन शिपाई मारले. तेव्हा समित्या कुठं होत्या?

फौजदार : साहेबांची बदली झाली. नंतर आलेल्यांपैकी काहींनी चालवल्या, काहींनी नाही. कागदावर होत्या बऱ्याच दिवस.

वकील : का नाही चालवल्या?

फौजदार : चालवायलाच पाहिजेत असं कुठं लिहिलं होतं?

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर वडिलांच्या लक्षात आले की ते कुणाच्या बाजूने बोलले. बायकोने मोठेपणा दाखवून काही टिप्पणी केली नाही. उलट उठून कोरे पान आणि पेन घेऊन आली.

वकील : सांगा. लिहिते. समिती कशी असावी, एक नंबरचं कलम.

फौजदार : एक. प्रत्येक मोहल्ल्याला समिती असेल. दर पंधरवड्याला बसेल. बैठक घेतली नाही तर ठाण्याच्या अधिकाऱ्यानं कारण लेखी द्यायचं.

वकील : दोन. निम्म्या बायका. आणि भाड्यानं राहणाऱ्यांतून काही सभासद.

फौजदार : भाडेकरू सहा महिन्यांनी गावी जातो.

वकील : गेला तर दुसरा. तीन. समितीचं म्हणणं ज्याला मान्य नसेल त्यानं कुणाकडे जायचं?

फौजदार : हे कलम नको. अपील लिहिलंस की लोक समितीत बसायचे नाहीत, अपिलाची तयारी करत बसतील. तुझ्या कोर्टात काय होतं ते रोज बघतेस.

वकील : बसू देत. ज्याची खोली गेली तो एकदा तरी अपिलात बसेल.

फौजदार : मग समिती टिकायची नाही.

वकील : आणि हे कलम नसेल तर मी सही करायची नाही.

तिसरे कलम अजून कोरे आहे. वडील म्हणतात, आधी समिती सुरू करू, कलम मागाहून बघू. बायको म्हणते, बरोबर याच शब्दांत तिच्या अशिलाने भिंत घातली होती.